तोतारामची खातेनिहाय चौकशी

कामगार न्यायालयात ॲड. लीलाधर भंगाळे तेलगिरणीच्या वतीने जे मांडणार असत, ते गिरणीच्या कामगारांना आधीच माहीत असे.

हिवाळ्यात असे होत नव्हते. होळीनंतर हा प्रकार सुरू झाला आणि मे महिन्यात नियमित झाला. भंगाळे आपल्या जळगावच्या घरातील पुढच्या खोलीत, दार लावून, गिरणीमालकाला सल्ला देत. पुढच्या तारखेला संघटनेचे पुढारी लोटनआबा त्या सल्ल्याचे उत्तर घेऊन हजर असत. एकदा तर भंगाळे उभे राहण्यापूर्वीच लोटनआबांनी त्यांच्या आक्षेपाचा खुलासा केला. तो ऐकून न्यायाधीश भंगाळ्यांकडे वळले आणि म्हणाले, "ठीक आहे. आता तुमचा आक्षेप सांगा."

गिरणीमालकाने पाचोऱ्याच्या एका ज्योतिषाचे नाव सुचवले. भंगाळे वकिलीआधी पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते. त्यांनी ते नाव लिहूनही घेतले नाही.

"शेठ, माहिती आपोआप चालत जात नाही. कोणीतरी तिला नेतं."

"मग कोण नेतं?"

"ते निरीक्षणातून कळेल."

प्रथम त्यांनी खबरदारी वाढवली. मधले दार लावले, त्यावर जाड पडदा सोडला. खिडकीतला कूलर आजवर मंद चालत असे; तेवढ्यानेही आवाज चढवून बोलावे लागे. तो आता सल्लामसलतीच्या वेळी पूर्ण वेगाने चालू लागला. त्यामागे त्यांचा विचार होता. कूलरचा पंखा बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे प्रवाह आतल्या दिशेने आहे. शिवाय त्याच्या घरघरीत शब्द बुडून जातात. ते इतके बुडत की शेजारच्या खुर्चीवरील माणसाशीही ओरडून बोलावे लागे. भंगाळ्यांना हा गोपनीयतेचा पुरावा वाटला.

बातम्या अधिक तपशिलाने फुटू लागल्या.

तेव्हा त्यांनी प्रयोग केला. गिरणीचा निवृत्त फोरमन पुना याला साक्षीला आणायचे, असा खोटाच बेत त्यांनी रचला आणि सर्व खबरदारी घेऊन तो एकट्या तोतारामला सांगितला. तोताराम त्यांचा कारकून. त्यांच्या वकिलीइतकीच त्याची नोकरी जुनी. पुढच्या तारखेला लोटनआबा न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटले.

"वकीलसाहेब, पुनाले कसाले तरास देतस? त्याले कानवर ऐकू येस नही, डोयाले दिसस नही. तो काय साक्ष दी?"

प्रयोग यशस्वी झाला होता. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती, आणि त्यांतले एक स्वतः भंगाळे होते.

तोतारामला त्याच दिवशी घरी पाठवता आले असते. पण चौकशीशिवाय कोणालाही काढू नका, असे भंगाळे साऱ्या खानदेशातील मालकांना फी घेऊन सांगत आले होते. स्वतःच्या कार्यालयात तो सल्ला मोडणे त्यांना अशास्त्रीय वाटले. त्यांनी आरोपपत्र तोंडी सांगितले. ते टंकित करण्याचे काम तोतारामचेच होते.

"'विश्वासघात' एकदाच टाकू की दोनदा, साहेब?" त्याने विचारले.

"एकदाच. सिद्ध झाला की पुरतो."

"आणि सिद्ध झाला तर मला जळगावात दुसरा कुठला वकील ठेवेल?"

उत्तर दोघांनाही माहीत होते: कोणीही नाही, धुळ्यातही नाही.

"तुला बचाव प्रतिनिधी नेमता येईल," भंगाळे म्हणाले. "तो तुझा हक्क आहे."

तोतारामने पुष्कळ विचार केला. असले काम करणारा त्याच्या ओळखीचा एकच माणूस होता.

चौकशीच्या दुपारी लोटनआबा धुतलेली टोपी घालून भंगाळ्यांच्या खोलीत येऊन बसले. भंगाळ्यांचा संशय तिथेच पक्का झाला. त्यांनी दार लावले, पडदा ओढला, कूलर पूर्ण वेगाने सुरू केला.

"कामकाज सुरू," ते ओरडले.

"एक हरकत शे," लोटनआबा ओरडले. "तक्रारदार तुम्ही, साक्षीदार तुम्ही, चौकशी अधिकारीबी तुम्हीच?"

"लहान आस्थापनेत ते चालतं."

"गिरणीनी चौकशीना टाइमले मी हाईच बोलनू व्हतू."

"आणि हरला होता. पुढे चला."

भंगाळ्यांनी साक्षीदार म्हणून स्वतःची साक्ष घेतली. पुनाचे नाव कसे रचले, ते तोतारामला कसे सांगितले, तेव्हा खोलीत दुसरे कोणीही कसे नव्हते, हे त्यांनी क्रमाने आणि गळ्याच्या शिरा ताणून सांगितले. मग आरोपीकडे वळले.

"तू हे कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"घरी?"

"घरी माझं ऐकतं कोण, साहेब?"

"मग लोटनआबांना कसं कळलं?"

तोतारामने आपल्या प्रतिनिधीकडे पाहिले. प्रतिनिधी छताकडे पाहत होते. आपल्याला कसे कळले हे लोटनआबांना अर्थातच माहीत होते. पण ते सांगितले तर गिरणीचा खटला यापुढे आंधळेपणाने लढावा लागणार होता. न सांगितले तर समोरचा माणूस उद्यापासून रिकामा. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"आबा, तुमच्यावर मी भरवसा ठेवलाय," तोताराम म्हणाला. कूलरमुळे हेही त्याला ओरडूनच म्हणावे लागले.

लोटनआबा उठले आणि त्यांनी कूलरचे बटण बंद केले.

घरघर थांबली. खिडकीबाहेरून, कूलरच्या ओल्या गवताच्या पडद्यापलीकडून, चहावाल्या छगनचा चढा आवाज आला.

"...आते तोताराम म्हनस, भरवसा ठेया शे. आबा काई बोलतस नही. गप बठा रे, कूलर बंद पडना."

बाकावरचे गिरणी कामगार गप्प बसले. ते फार उशिरा झाले.

कूलरच्या टाकीत बाहेरून पाणी भरायचे, आणि त्या बदल्यात खिडकीखालच्या सावलीत चहाची गाडी आणि बाक मांडायचा, असा छगनशी झालेला करार खुद्द भंगाळ्यांचा होता. तो होळीनंतर, कूलर बसवला त्याच दिवशी झाला होता. न्यायालय जवळच असल्याने तारखेला येणारे कामगार त्याच बाकावर बसत. भंगाळ्यांना हे सर्व एकदम आठवले.

"बठ्ठं ऐकू येतं?" त्यांनी विचारले. घाईत त्यांच्या तोंडून 'सगळं'साठी आजोळच्या बोलीतला शब्द निघाला.

"बठ्ठं," लोटनआबा म्हणाले. "पहिले आमले शंकाच उनी. इतला हुशार वकील इतलं वरडीसन सांगस, म्हनजे आमले फसाडाकरताच सांगत व्हई. आम्ही महिनाभर त्यावर इस्वास ठेवा नही."

"मग?"

"मंग दखं, तुम्ही कोर्टमा तेच बोलतस."

तोतारामने टंकलेखन यंत्रात कोरा कागद चढवला. खोलीत उकाडा वाढत होता. कूलर पुन्हा लावावा असे कोणालाही वाटले नाही. भंगाळ्यांनी खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढली आणि निष्कर्ष हलक्या आवाजात सांगितला.

"आरोप सिद्ध होत नाही. तोताराम शिंपी कामावर कायम. पंखा हवा आत ढकलतो. पण आवाजाचा वेग त्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे तो तिच्याविरुद्ध सहज बाहेर पडतो. पंख्याची घरघर खोलीतल्या माणसाला ओरडायला लावते. गोपनीय माहिती फुटण्याचे कारण: कूलर चालू असताना ॲड. लीलाधर भंगाळे यांचे ओरडणे. अन्य कारण आढळले नाही."