गणपतअप्पांचा मूळ मजकूर

आमच्या चौसाळ्यातले गणपतअप्पा एकदाच वापरायचं वाक्य कधी लिहीतच नाहीत. हायवेला लागून त्यांचं छपाईचं दुकान आहे. पत्रक असो, फ्लेक्स असो की रिक्षावरून ओरडायची जाहिरात, सगळ्याला मूळ मजकूर एकच. "एकदा नीट लिव्हायचं, मंग गावोगाव वापरायचं," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. गिऱ्हाइकाने विचारलेलं नसतं.

माझं बियाण्यांचं दुकान, आणि दिंद्रुड गावात दुसरं उघडायचं चाललं होतं. मी पत्रकासाठी 'दर्जेदार बियाणे' लिहून नेलं, तर अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हितं लोक तुमाला वळखतेत, दर्जेदार चालंल. दिंद्रुडला कोन वळखतंय? तिथं 'खात्रीचं बी' म्हना." म्हणजे गावागणिक माझी पत ठरवायचं कामही त्यांनीच घेतलेलं.

दिंद्रुडला मी नवं दुकान उघडलं त्या दिवशी रिक्षा गावभर फिरली. भोंग्यातून सकाळपासून आवाज येत होता, "इथे गावाचे नाव टाका येथील तमाम शेतकरी बांधवांनो." अप्पा रिकामी जागा भरायला विसरले होते. रिक्षावाला म्हणाला, "कागदावर हाय तेच वाचलं." लोक पोट धरून हसत होते.

मी तणतणत चौसाळ्याला आलो. "अप्पा, असं कावून केलं?"

अप्पांनी मान वर केली नाही. "रविवारी नात यायलीय," एवढंच म्हणाले.

मुलगा हुबळीला नोकरीला, सून तिकडचीच. पाच वर्षांच्या नातीला फक्त कानडी येतं. मागच्या खेपेला ती आजोबांशी एक शब्द न बोलता परत गेली होती. यंदा अप्पांनी धाब्यावरच्या कानडी ट्रकवाल्यांना गाठून चाळीस वाक्यं देवनागरीत उतरवून घेतली होती. माझ्या दिंद्रुडकडे लक्ष कुठून राहणार? मला राग धरवेना.

रविवारी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेलो. अप्पा कागद हातात धरून अंगणात उभे होते. घसा खाकरून त्यांनी वाचलं, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का.

पोरीने त्यांना नीट न्याहाळलं आणि मग ती जी सुरू झाली, ती थांबेचना. अप्पांनी घाईघाईने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"ती काय बोलंल, ते तर इचारलंच न्हाई," ते मला हळूच म्हणाले. डोळे भरले होते.

मग कागद खिशात घालून ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. एक अक्षर कळत नव्हतं, तरी तासभर मान हलवत ऐकत राहिले.