अंतिम करावे काय?

गोंडपिपरी तालुक्यातल्या लोकगीत जतन उपकक्षाकडे चालू स्थितीतली वस्तू एकच होती, ती म्हणजे दोन खणांचा सीडी रेकॉर्डर. डाव्या खणातली तबकडी संपली की उजव्यातली आपोआप सुरू व्हायची, ती संपली की पुन्हा डावी. शिवाय डाव्या खणातल्या तबकडीची प्रत उजव्या खणातल्या कोऱ्या तबकडीवर उतरायची. हे सगळं एकट्या हेमराज नैताम या लिपिकाला ठाऊक होतं. यंत्राची पुस्तिका पावसात भिजू नये म्हणून त्याने ती घरी नेली होती, आणि घरी नेल्यामुळे ती वाचली गेली होती.

एके दिवशी वरून आदेश आला : अभ्यागतांच्या सांस्कृतिक प्रबोधनार्थ कार्यालयीन वेळेत अखंड वादन करण्यात यावे. उपकक्षाला नियमित अभ्यागत म्हणजे दोन बकऱ्या होत्या. तरीही हेमराजने डाव्या खणात 'वन्यप्राण्यांपासून घ्यावयाची दक्षता' लावली, उजव्या खणात लोकगीतं लावली, आणि दहा ते सहा यंत्र गाऊ लागलं. बकऱ्यांचं प्रबोधन होऊ लागलं.

तेराव्या दिवशी पहिला मानवी अभ्यागत आला. सोमारी आत्राम, जंगलाकडच्या गावातली म्हातारी, सोबत नात प्रिया.

"सेवा जोहार, भाऊ. माह्या बहिनीचं गानं हाय तुमच्यापाशी. गुणाबाईचं. सोळा वर्सं झाली, तुमचेच लोक गावात येऊन भरून घेऊन गेले."

हेमराजने नोंदवही पाहिली. तबकडी होती.

"ते बहीण गेली आता," सोमारी म्हणाली. "हिचं लगन हाय पुढच्या सुक्रवारी. गुणा म्हने, प्रियाच्या मांडवात मीच गाईन. तर तिले गाऊ द्या. एक कापी काढून द्या मले."

हेमराजला एकदम काहीतरी वाटलं. नोकरीच्या एकवीस वर्षांत कुणी या कार्यालयाकडे कार्यालयाचं काम मागितलं नव्हतं. सोमारीचा अर्ज लिहून घेऊन तो उत्साहाने साहेबांकडे गेला.

साहेबांचं नाव वामनराव निमसरकार. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"प्रत काढायची म्हणजे एक खण प्रतीत गुंतणार. मग अखंड वादनाचं काय?"

"सर, साध्या गतीने प्रत काढली तर काढताना गाणं ऐकू येते. म्हणजे वादनही सुरूच राह्यते."

वामनरावांना यात नियमाचा भंग सापडेना. म्हणून त्यांनी परवानगी दिली. सव्वा तास यंत्राने गुणाबाईला गायला लावलं आणि दुसऱ्या खणात उतरवून घेतलं. शेवटी पडद्यावर इंग्रजीत एक शब्द आला : फायनलाइझ? म्हणजे, अंतिम करावे काय?

"बटन दाबू, सर? नाई दाबलं तर ही प्रत फक्त याच यंत्रात वाजते. बाहेर कुठी वाजत नाई."

वामनरावांचा चेहरा गंभीर झाला. "नैताम, अंतिम करण्याचा अधिकार या कार्यालयाला आहे का? आपण फक्त सादर करतो. अंतिम वर होतं."

पत्र वर गेलं. तबकडी मात्र सोमारीच्या हाती पडली, कारण प्रत देण्याची मुदत संपत आली होती. तीन दिवसांनी आजी-नात परत आल्या.

"भाऊ, घरच्या मशिनीत हे मुकीच राह्यली."

"ती इथीच वाजते, बाई."

"मंग हे यंत्रच द्या सुक्रवारी."

"यंत्र जडवस्तू नोंदवहीत आहे," वामनराव आतून म्हणाले. "जागेवरून हलवता येत नाही."

प्रिया म्हणाली, "आजे, यंत्र हलत नाई. लगन तं हलते ना?"

वामनरावांनी सगळी नियमपुस्तकं चाळली. कार्यालयात लग्न लावू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट 'लोकसहभाग' या रकान्यात तीन वर्षं शून्य होतं.

शुक्रवारी उपकक्षापुढे मांडव पडला. आंब्याच्या डहाळ्या लागल्या, ढोल आले, बकऱ्यांना प्रथमच अभ्यागत म्हणून दूर सारण्यात आलं. हेमराजने सोमारीची तबकडी उजव्या खणात ठेवली आणि गुणाबाई गाऊ लागली. एकशे तीस मोबाइल वर झाले. सोमारीकडे मोबाइल नव्हता, म्हणून ती ऐकत बसली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी गुणा श्वास घ्यायची, तेव्हा सोमारीही घ्यायची. हेमराजने ते पाहिलं.

गाणं संपलं. नवरानवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली, आणि यंत्राने नेमून दिल्याप्रमाणे डावा खण सुरू केला : "सावधान! वाकून बसू नका. वाघाला तुम्ही चार पायांचे प्राणी वाटू शकता." नवरदेव दचकून ताठ उभा राहिला. मांडव हसून लोळला.

त्या हसण्यात हेमराजने बटण दाबलं.

अंतिम होत आहे, असं यंत्र म्हणालं आणि गप्प झालं. चार मिनिटं. वामनराव खुर्चीतून उठले. "नैताम! वादन थांबलं! अखंड होतं ते!"

तेवढ्यात सोमारीने सूर धरला. बहिणीचंच गाणं तिने पुढे उचललं, मागून बाया मिसळल्या, ढोलवाले धावत जागेवर आले. चार मिनिटांनी यंत्राने तबकडी बाहेर दिली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हेमराजने ती पुसली, कागदात गुंडाळली आणि गाणं संपल्यावर सोमारीच्या ओटीत घातली.

"आता कुठीही वाजन, बाई."

सोमवारी त्याला खुलासा मागवणारं पत्र मिळालं : वादन चार मिनिटं खंडित का झालं? त्याने लिहिलं, "वादन खंडित झाले नाही. श्रीमती सोमारी आत्राम यांनी ते चालू ठेवले." वामनरावांनी शेरा मारला : पर्यायी व्यवस्था समाधानकारक.

मग वरून विचारणा आली, कार्यक्रमाला जनतेचा प्रतिसाद काय? वामनरावांनी लग्नात एका पाहुण्याने काढलेला व्हिडिओ सगळ्या गटांवर पाठवला. संध्याकाळपर्यंत चार हजार अंगठे आले. 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', 'हीच आपली संस्कृती'.

अहवालाला जोडायचा म्हणून हेमराजने तो उघडला. चाळीस सेकंद काळोख, आणि मोटारसायकलची घरघर. पाहुण्याने मोबाइल सुरूच ठेवून खिशात टाकला होता.

"सर, यात गाणं नाईच."

"चार हजार लोकांना दिसलं, आणि तुम्हाला एकट्यालाच दिसत नाही?" वामनराव म्हणाले. त्यांनीही तो उघडला नव्हता. त्यांनी अहवालावर सही केली.

तो व्हिडिओ तुमच्याही गटावर आला होता. चार हजारांतला एक अंगठा तुमचा आहे. जरा आठवून बघा.