न आलेल्या बाईचा पहिला नंबर

महिला मंडळाच्या पोळी-स्पर्धेचा निकाल आपण कॉम्प्युटरवर लावून देऊ, असं जिनेंद्र पाटील जेवता जेवता बोलून गेले आणि घरातलं सुख तिथंच संपलं.

जिनेंद्र सांगलीत कॉलेजात क्लार्क. नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणजे तज्ज्ञच. (नव्वदच्या दशकात तेवढ्यावर भागायचं.) बायको राजमती दरवर्षी सांज्याच्या पोळ्या करायची आणि दरवर्षी परीक्षकांच्या नात्यातलं कुणीतरी पहिलं यायचं.

"यंदा मशीन हाय," ती म्हणाली, "मशीनला भाची नसती." आणि कधी नव्हे ती हसली.

प्रोग्रॅम सोपा होता. एकूण गुणांना, चव घेतलेल्या परीक्षकांच्या संख्येनं भागायचं. यादीतली पहिली बाई तूर्त विजेती धरायची आणि पुढच्या प्रत्येकीची सरासरी तिच्याहून जास्त आहे का, ते बघायचं.

अध्यक्ष हरणाबाईंनी भर हॉलमध्ये कागद वाचला, "पहिला नंबर, शालूबाई!"

"आवं, ती आलीच न्हाई!" कुणीतरी ओरडलं. शालूबाई सासूच्या दहाव्याला साताऱ्याला गेल्या होत्या.

सगळ्यांनी जिनेंद्रकडं पाहिलं. "कॉम्प्युटर चुकत नसतो," ते म्हणाले.

राजमतीनं डबा उचलला आणि निघून गेली. त्यानंतर घरात भांडी तेवढी बोलत. जिनेंद्र आमटीत स्वतःचं तोंड बघत जेवत. तिकडं बक्षिसाचा कुकर हातात पडताच शालूबाई ढसाढसा रडल्या, "सासूबाईंनी जाता जाता दिला!"

चूक सापडली ती बऱ्याच उशिरा. शालूबाईंनी नाव आधीच दिलेलं, यादीत त्याच पहिल्या; पण गुण शून्य, परीक्षकही शून्य. शून्याला शून्यानं भागल्यावर मशीननं नोंदवलं होतं, 'हा आकडाच नव्हे.' आणि जो आकडाच नव्हे, त्याच्याहून तू मोठा का, असं कुठल्याही आकड्याला विचारा, मशीन 'नाही'च म्हणतं. एकूणएक बायका अशा हरल्या होत्या. जिनेंद्रनी असलं उत्तर वगळायची ओळ घातली. पहिली आली राजमती.

"अगं, तूच पहिली होतीस!"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "मग हरणाबाईंना सांगा जावा."

हरणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहाही दिला. "त्या बाईच्या चुलीवरनं आता कुकर उतरवू व्हय? आणि दुसऱ्या खेपेला मशीननं नेमकी तुमचीच बायको काढली?"

जिनेंद्रनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला.

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली निकाल आमी बोटांवर काढतो. तुमी दारात चपला सांभाळा."

घरी येऊन त्यांनी मान खाली घालून हे सांगितलं. राजमती पोळी उलथत म्हणाली,

"चपलांचं जोड मोजायला मशीन न्हेऊ नगा म्हंजे झालं."