वसुधाताईंचा ऑफेन्स

सुपरमार्केटमध्ये एक ओमानी गृहस्थ कांद्याची पिशवी लांबूनच ट्रॉलीत टाकायला गेले. पिशवी काठावर आपटली आणि कांदे घरंगळले. शेजारून चाललेल्या वसुधाताई भावे थांबल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "कोपर बाहेर जातंय तुमचं. आत घ्या." मग स्वतःचा हात वर करून त्यांनी कोपर कसं हवं ते दाखवलं. गृहस्थांनी मान डोलावली आणि दुसरी पिशवी बरोब्बर आत टाकली. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, शिकवलं की येतं."

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. साठीच्या, सुती साडी, पायात कायम स्पोर्ट्स शूज. तरुणपणी पुण्यात कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेल्या. लग्नानंतर मस्कतला आल्या आणि खेळ सुटला. पुढे भाचा अमेरिकेत शिकायला गेला, तेव्हा त्याच्या कॉलेजच्या मॅचेस त्या इंटरनेटवर बघायला लागल्या. भाचा डिग्री घेऊन कधीच बाहेर पडला. ताई मात्र अजून त्या कॉलेजातच होत्या.

तिकडची गुरुवार रात्रीची मॅच आमच्याकडे शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या चहाबरोबर यायची. मी खालून जायचो. तासाभरावरच्या बरका गावाहून सलीम मुकादम यायचे. मूळ रत्नागिरीकडचे, टाइल्सचे व्यापारी, भावेसाहेबांचे जुने मित्र. मुलगा शाळेच्या टीममध्ये, म्हणून त्यांनाही हा नाद लागलेला. भावेसाहेब सगळ्यांना उपमा द्यायचे आणि पेपर घेऊन बाल्कनीत निघून जायचे, कारण आता काय होणार ते त्यांना माहीत असायचं.

वाद एकच, ऑफेन्सचा. बास्केट करायची ती कशी? ताईंचं म्हणणं, बॉल पाचही जणांच्या हातांतून फिरला पाहिजे. मग जो मोकळा सापडेल त्याने मारायचं. मुकादमांचं म्हणणं, ज्याचा हात बसलाय त्याला मारू द्या, बाकीच्यांनी गप उभं राहावं. ताई टेबलावर पाच वाट्या मांडून लिंबू या वाटीतून त्या वाटीत फिरवायच्या. लिंबू चौथ्या वाटीत पोचलं की मुकादम ते उचलून लांबून साखरेच्या डब्यात टाकायचे.

"खलास, भाभी. दोन पॉइंट."

ताई शांतपणे लिंबू पुसायच्या आणि पहिल्या वाटीपासून पुन्हा सुरुवात करायच्या.

टीममधला अकरा नंबर हे त्यांचं खास दुखणं. उंच, लाजरा पोरगा. त्याचं शूटिंग बघताना ताई खुर्चीत बसायच्याच नाहीत. उभ्या राहून त्याला सूचना द्यायच्या, आणि त्याने त्या ऐकल्या नाहीत की उरलेला राग माझ्यावर निघायचा.

त्या टीमच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. ताई तिथे रोज लिहायच्या. तिथले सगळे त्यांना 'कोच' म्हणत. कुणी म्हातारा प्रशिक्षक रिटायर होऊन ओमानात जाऊन राहिलाय, असा त्यांचा समज होता आणि ताईंनी तो मोडला नव्हता. वाद पेटला की कुणीतरी लिहायचं, थांबा, कोच काय म्हणतात बघू. दागिन्यांचं, साड्यांचं कसलंच अप्रूप नसलेली ही बाई तेवढ्या एका वाक्याने दिवसभर खुशीत असायची.

मार्चमधल्या बाद फेरीच्या मॅचला आम्ही तिघंही होतो. शेवटची काही सेकंद, टीम एका पॉइंटने मागे. आणि पोरं अगदी ताईंच्या वाट्यांसारखी खेळली. बॉल सुरेख फिरला आणि कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या अकरा नंबरच्या हातात पडला. समोर कुणी नाही. त्याने मारला, रिंगला लागून बाहेर गेला. मॅच संपली. पोरगा जर्सीत तोंड लपवून खाली बसला.

कट्ट्यावर त्याच क्षणी शिव्या सुरू झाल्या. त्याला काढा, त्याची स्कॉलरशिप काढा, त्याला परत गावाला पाठवा. मग कुणीतरी विचारलं, कोच कुठे आहेत?

ताईंनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. मी मागून वाचत होतो. त्यांनी लिहिलं, पास फार झाले. पोराच्या हातात बॉल उशिरा आला. चूक त्याची नाही, मी इतकी वर्षं सांगत आलेय त्या ऑफेन्सची आहे.

मुकादम ताडकन उठले. "भाभी, हे खोटं आहे. पासिंग एकदम फर्स्ट क्लास होतं." आयुष्यात पहिल्यांदाच ते ताईंच्या बाजूने बोलत होते.

"मला दिसलं," ताई म्हणाल्या.

"मग असं काय लिहिलंत?"

"त्याची आई वाचत असेल हे सगळं."

उत्तरं धडाधड आली, कट्ट्याचं एक नवं पानच भरलं. कोचला खेळातलं काही कळत नाही. कोचचं वय झालं. ओमानमधल्या उन्हाने डोकं फिरलेलं दिसतंय. ज्यांनी कोच म्हणून मान दिला, त्यांतलेच बरेच जण होते. मला ते वाचवेना. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. ताईंनी तो बाजूला सारला. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ बोट ठेवून त्यांनी वाचली. चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"बघ," त्या म्हणाल्या, "या अख्ख्या पानावर त्या पोराचं नाव कुणी घेतलेलं नाही."