उजव्या बुटाचा पुरावा

"तुमचा विश्वास बसणार नाही," अशी काटासाहेब आपल्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात करत, आणि साऱ्या गोष्टीत खरं असं तेवढं एकच वाक्य असे.

वजनमाप खात्यात त्यांनी तीस वर्षं निरीक्षकी केली. दुकानदाराच्या तराजूत गुंजभर खोट निघाली तरी असा थयथयाट करत, की जणू त्यानं यांच्याच ताटातला घास पळवला! तराजूच्या काट्यावरूनच लोक त्यांना काटासाहेब म्हणू लागले. निवृत्तीनंतर दुसऱ्याचं मोजायला काही उरलं नाही, म्हणून गृहस्थ स्वतःचा मोठेपणा मोजू लागले. इथे मात्र माप अगदी सढळ.

त्यांची बायको एका बालगृहात कामाला होती. चाळीस मुलं, चाळीस पलंग, आणि सकाळी उठून बघावं तर निम्म्या चादरी ओल्या. ती त्या हातानं धुवायची. साबणानं बोटांना भेगा पडल्या होत्या. या बालगृहाच्या मदतीसाठी मॅरेथॉन ठरली, तसं काटासाहेबांनी भर पंगतीत जाहीर केलं, की आपण पळणार. पूर्ण बेचाळीस किलोमीटर!

समोर त्यांचा साडू जेवत होता. त्याचं वॉशिंग मशीनचं दुकान होतं आणि काटासाहेबांवर काडीचा विश्वास नव्हता.

"साडूभाऊ, तीन महिने रोज पळून सराव करा," तो म्हणाला, "बालगृहाला मोठं मशीन माझ्याकडून. पण सरावात थाप निघाली, तर वर्षभर त्या चादरी तुम्ही धुवायच्या. हातानं."

बायकोचा वाढता हात थांबला. काहीही झालं तरी सुटका तिचीच होत होती.

पहिल्या दिवशी काटासाहेब कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पळाले. दुकानदारानं काही न विचारताच त्यांना खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कायदेशीर डोक्यात प्रकाश पडला: पळणं म्हणजे काय, तर अंतर कापणं! ते कशावर बसून कापायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मग रोज पहाटे बूट चढवून ते स्कूटरवर बसत आणि तलावाला सात फेऱ्या मारत. स्वभावानं भित्रे, त्यामुळे पान पडलं तरी उजवा पाय ब्रेकवर. परतताना बागेतल्या नळाखाली डोकं धरायचं, बनियन भिजवायचा आणि धापा टाकत घरात शिरायचं. धापा तेवढ्या अस्सल असत. घर दुसऱ्या मजल्यावर होतं.

थापांची तब्येत मात्र रोज सुधारत गेली. पहिल्या महिन्यात त्यांनी बसला मागे टाकलं. दुसऱ्या महिन्यात पाठीस लागलेलं कुत्रं दमून रस्त्यात बसलं आणि रडलं म्हणे! तिसऱ्या महिन्यात वाहतूक पोलिसानं वेग जास्त म्हणून अडवलं. बालगृहाच्या मुलांनी भिंतीवर त्यांचं चित्र काढलं, त्यात त्यांना पंख होते. काटासाहेबांना ते पंख जरा लहान वाटले.

शर्यतीला चार दिवस उरले आणि साडू पुरावा मागायला आला. शहाण्या माणसानं पोट धरलं असतं, कंबर धरली असती. पण तीस वर्षं शिक्के मारलेला हात! काटासाहेबांनी उजवा बूट उलटा करून त्याच्या नाकाखाली धरला. तळ झिजून कागद झाला होता. साडूनं खरोखर हात जोडले. इथे थांबायचं की नाही? पण बिनशिक्क्याचा विजय काटासाहेबांना पचेना. "जाणकाराकडून दाखला घेऊ," म्हणून ते साडूला आणि बायकोला घेऊन गल्लीतल्या बूटदुरुस्तीवाल्याकडे निघाले. बुटांची पिशवी बायकोच्या हातात.

चाळीस वर्षं लोकांचे तळ वाचलेला माणूस. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उजवा बूट हातात घेतला. तोवर काटासाहेब रंगात आले होते. तीस किलोमीटरचा चढ, समोरून वारा, पण हे थांबले नाहीत. तुमचा विश्वास बसणार नाही, वारा थांबला!

"डावा बघू," दुरुस्तीवाला म्हणाला.

"डाव्याला काही झालेलं नाही."

"तरी बघू."

बायकोनं तो पिशवीतून काढून पुढे केला. म्हाताऱ्यानं दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, उजव्याच्या तळावरून अंगठा फिरवला आणि साडूकडे न बघता सावकाश बोलला,

"साहेब, उजव्याच्या तळाला स्कूटरच्या ब्रेकच्या पाच रेघा आहेत, आणि डाव्याला अजून दुकानातली चकाकी आहे. तुम्ही पळालात म्हणता, तर पळाला असाल. पण तीन महिने डावा पाय घरी ठेवून कसे पळालात, तेवढं सांगा."