अनामत म्हणून आत्या

गाडी विकायचा निर्णय माझ्या उजव्या गुडघ्याने घेतला. मी फक्त होकार दिला.

गाडी म्हणजे मोटरसायकल. शंभर सीसी, चौदा वर्षांची, किकवर चालणारी. सकाळी ऑफिसला निघताना सातआठ किका माराव्या लागत. सातव्या किकेला गाडी सुरू व्हायची आणि गुडघा बंद पडायचा. शेवटी लातूरहून अंजूचा, म्हणजे माझ्या मुलीचा, आदेश आला. "बाबा, स्कूटर घेऊन दिलीय ना तुम्हाला? मग ती मोटरसायकल कशाला ठेवलीय? विकून टाका. फोटो पाठवा, जाहिरात मी टाकते."

मी फोटो पाठवले. (पहिल्या तीन फोटोंत माझा अंगठा चांगला आला होता. गाडी चौथ्यात आली.)

जाहिरातीबरोबर अंजूने दोन नियमही पाठवले. एक, गाडीत पेट्रोल चौकापर्यंत जाऊन येण्याइतकंच ठेवायचं, म्हणजे कुणी पळवून नेली तरी लांब जाणार नाही. दोन, चक्कर मारायला गाडी देताना गिऱ्हाइकाची काहीतरी वस्तू ठेवून घ्यायची. दुसरा नियम वाचून मला हसू आलं. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं टेंडरच्या टेबलावर आहे. नांदेड जिल्ह्यातल्या निम्म्या ठेकेदारांच्या अनामती माझ्या हाताखालून गेल्यात. अनामत म्हणजे काय हे मला पोरीने शिकवायचं?

पहिलं गिऱ्हाईक व्यायामशाळेतून थेट आलं होतं. त्याच्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी त्याच्या चपला ठेवून घेतल्या. तो अनवाणी गेला, चौकातून वळून आला, म्हणाला, "इंजिन मस्त आहे काका. फक्त हे लेडीज पायदान आन् साडी गार्ड कापून टाकतो. लूक जाऊन राहिला."

"किंमत पाच हजाराने वाढली," मी म्हणालो.

"आं? कधी?"

"आत्ताच."

तो चपला घालून निघून गेला. आता हे पायदान काय आहे ते सांगायला हवं. कंपनीचं पायदान सिंधुला, म्हणजे माझ्या बायकोला, खाली पडायचं. तिची उंची बेताची. एकदा भोकरच्या रस्त्यावर पाय लोंबकळून मुंग्या आल्या, तेव्हा तिने तरोडा नाक्यावरच्या वेल्डरकडे गाडी उभी करायला लावली आणि स्वतः गाडीवर बसून, पाय कुठे येतो ते खडूने खूण करून, पायदान चार बोटं वर घेऊन घेतलं. मी म्हणालो होतो, दिसायला बरं दिसत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कुठं मागे बसायचंय?" सिंधुला जाऊन आता चौदा महिने झाले. गाडी विकायला माझी हरकत नव्हती. पायदान कापणाऱ्याला विकायची नव्हती, इतकंच. (हे मी अंजूला सांगितलं नाही. तिला सांगितलं, भाव जमला नाही.)

दुसऱ्याने मोबाईल ठेवला. तो गेल्यावर मोबाईल वाजला.

"कुठं हाव?" बाईचा आवाज.

"ते नाहीत. त्यांचा फोन माझ्याकडे ठेवून गेलेत."

"का बरं? किती देणं हाय तुमचं?"

"देणं नाही हो, अनामत आहे."

"ही अनामत कोण?"

तो माणूस परत आला, फोन कानाला लावला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. गाडी कशी वाटली ते कळलंच नाही.

मग रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मल्लिकार्जुन आला. लोहा गावचा, पस्तिशीचा, किराणा दुकान चालवणारा. बरोबर साठीच्या पुढची एक बाई, डोळ्यांवर जाड काळा चष्मा.

"ही माझी आत्या, महादेवी," तो म्हणाला. "डोळ्याच्या शिबिराला आणलं होतं. औषध टाकलंय, संध्याकाळपर्यंत काही दिसायचं न्हाई तिला. म्हनलं तोवर गाडी बघून घेऊ."

त्याने गाडी निरखून बघितली, टायर दाबला, पायदान बघितलं आणि काही बोलला नाही. त्या न बोलण्यावरच मी खूश झालो.

"एक चक्कर मारून आनू का सर?"

"अवश्य. काहीतरी ठेवून जावं लागेल."

त्याने खिसे चाचपले. मोबाईल देता येत नव्हता, शिबिरातून फोन यायचा होता. लायसन दुकानात राहिलं होतं. चपलांबद्दल मीच काही बोललो नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्या हाय की. आत्याला ठेवतो."

मी विचार केला. चपलेपेक्षा आत्या केव्हाही भारी. सव्वीस वर्षांत इतकी भक्कम अनामत मी घेतली नव्हती. मी खुर्ची दिली, आत्या बसल्या, मल्लिकार्जुनने चौथ्या किकेला गाडी सुरू केली (ते मला जरा लागलं) आणि तो चौकाकडे गेला.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला.

"येईल," आत्या म्हणाल्या. "तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई का?"

"नाही. गेल्या वर्षी वारली."

आत्यांनी चष्मा नीट केला. मग म्हणाल्या, "तिचं माहेर कुठलं?"

"देवणी. आजोळ उदगीर."

"उदगीरला कुणाकडं?"

"मामा होते. मामी आहेत अजून, गंगम्मा म्हणून."

"तेलाच्या गिरणीवाल्या?"

"हो."

आत्या खुर्चीतून उठल्याच. "आग्गं बया! गंगम्मा तर माझी विहीन! तिची पोरगी माझ्या थोरल्याला दिलीय! म्हंजे तुम्ही गंगम्माच्या भाचीचे मालक? म्हंजे आमचे जावईच की हो तुम्ही!"

इथे माझा सगळा व्यवहार कोसळला. पाच मिनिटांपूर्वी जी अनामत होती ती आता पाहुणी झाली होती आणि मी तिला अजून पाणीसुद्धा दिलं नव्हतं. मी पाणी आणलं, चहा टाकला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं म्हणून वरणभाताचा कुकर लावला. तिसरी शिट्टी झाली तशा आत्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आल्या.

"भाकरी?"

"मला येत नाही."

"सरका. जावयानं हातानं करून खायचं म्हंजे आम्हाला नावं ठेवतील लोक." आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यांनी ज्वारीच्या चार भाकरी थापल्या. चारही गोल होत्या. मला दिसत असताना माझ्या कधी झाल्या नाहीत.

तेवढ्यात अंजूचा फोन.

"बाबा, आलं का कुणी?"

"आलाय. म्हणजे गेलाय. गाडी घेऊन गेलाय."

"कधी?"

"दहाला."

"आता साडेबारा वाजलेत! ठेवून काय घेतलंत?"

"आत्या."

"काय?"

"एक आत्या ठेवून घेतलीय. त्याची. आता आपलीही आहे म्हण, उदगीरच्या मामींची विहीण निघाली."

मग अंजू अगदी हळू आवाजात, ऑफिसात वापरते त्या आवाजात म्हणाली, "बाबा, त्या बाई खरंच त्याच्या आत्या आहेत हे कशावरून? अशा टोळ्या असतात. आधार कार्ड बघा त्यांचं."

मी स्वयंपाकघरात गेलो. आत्या ठेचा शोधत होत्या. जिने मला जावई म्हटलं, माझ्यासाठी भाकऱ्या थापल्या, तिला आधार कार्ड कसं मागायचं? मी दोनदा घसा साफ केला.

"आत्या, तुमचं आधार..."

"आधार तुमचाच आता," आत्या म्हणाल्या. "जरा हात धरा, त्या फळीवर मिठाची बरणी हाय का बघा."

मी हात धरला. बरणी काढून दिली. विषय संपला.

पण जेवताना सगळं लक्ष गाडीत होतं. गाडीची किंमत ती काय, अठरा हजार. ती गेली असती तरी चाललं असतं. पण आता कुणीतरी कुठल्यातरी गॅरेजात ते पायदान कटरने कापत असेल, हे डोळ्यांपुढून जाईना. चार बोटं वर. खडूची खूण. मी भाकरी मोडत राहिलो.

"पोराला उशीर होऊन राहिला खरा," आत्या म्हणाल्या. "पर गाडी घेऊन पळायचा असता तर मला ठेवून गेला नसता. त्याचं दुकानाचं उधारीचं वहीखातं मीच सांभाळते."

पावणेदोनला फटफट ऐकू आली. मी आवाज ओळखला आणि उष्ट्या हाताने बाहेर धावलो. गाडी होती. मल्लिकार्जुन होता. आणि मागे एक बाई बसली होती, एका अंगाने, दोन्ही पाय पायदानावर नीट टेकवून.

"माफ करा सर. लोह्याला गेलतो."

"लोह्याला? पेट्रोल तर चौकापुरतंच होतं!"

"मग चौकात टाकलं की." (पेट्रोल पैसे देऊन विकत मिळतं, हे अंजूच्या आणि माझ्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.) "गाडी चालवणार मी, पर मागं बसणार ही. वर्षाराणी, माझी मालकीन. तिला बसवून बघितल्याबिगर कशी घ्यायची? मागच्या गाडीला सारखी म्हनायची, पाय लोंबतात."

वर्षाराणी उतरली. उंचीने बेताची. म्हणाली, "हे पायदान लई बेस हाय भाऊजी. कुणी करून घेतलं?"

"घरातूनच करून घेतलं होतं," मी म्हणालो.

"काढून नका बरं देऊ."

"नाही, नाही. पायदानासकटच आहे."

सौदा तिथेच झाला असता, पण आत्या दारात आल्या आणि मल्लिकार्जुनला नातं समजावून म्हणाल्या, "जावयासंगं घासाघीस करायची न्हाई. म्हनतील ते द्यायचं."

"बोला भाऊजी," मल्लिकार्जुन म्हणाला.

समोरचा घासाघीस करत नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मी अठरा म्हणायला तोंड उघडलं आणि पंधरा म्हणालो. कुणीच काही बोललं नाही. ती शांतता मला सोसेना. मी तेरा म्हणालो. आत्यांनी "बास!" म्हणून हात वर केला म्हणून मी वाचलो, नाहीतर उरलेलं मीच त्यांना देणं लागलो असतो.

आता आत्यांना निरोप द्यायचा. पहिल्यांदा घरी आलेली पाहुणी, तीही नात्यातली, तीही माझ्या चुलीवर भाकरी केलेली. तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? देण्याघेण्याच्या साड्या सिंधु आतल्या कपाटात वरच्या खणात ठेवायची, एवढं मला माहीत होतं. ते कपाट मी चौदा महिन्यांत उघडलेलं नव्हतं. उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. मी फार वेळ तिथे उभा राहिलो नाही. सगळ्यात वरची, हिरव्या काठाची साडी घेतली, कपाट लावलं, वर्षाराणीच्या हातून आत्यांना हळदीकुंकू लावून साडी दिली.

"पोत भारी हाय," आत्या बोटांनी चाचपून म्हणाल्या. "रंग उद्या बघते."

आत्यांना दिसत नसल्याने एसटीत चढवायचं कसं, म्हणून त्या गाडीवर बसल्या आणि वर्षाराणी एसटीने गेली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभा होतो. आत्यांचे पाय पायदानावर होते. आत येऊन मी अंजूला फोन केला, व्यवहार उत्तम झाला म्हणून सांगितलं. अनामत परत केली का, असं तिने विचारलं. साडीसकट केली, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात असताना वर्षाराणीचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं होतं.

"भाऊजी, आत्याला आज दिसायला लागलं. साडी बघितली. ही साडी आत्यानंच गंगम्मा मामींना दिलती म्हनं, थोरल्याच्या लग्नात. घडीत एक चिठ्ठी निघालीय. वाचू का?"

"वाचा."

"'उदगीरच्या गंगम्मा मामींकडून, अंजूच्या लग्नात. त्यांना त्यांच्या विहिणीकडून आलेली. दोघींपैकी कुणालाही देऊ नये.' खाली अजून एक ओळ हाय." ती थांबली. "'हे कपाट ह्यांना उघडू देऊ नये.'"

मी टेबलावरच्या फायली उगीच सारख्या केल्या. मग म्हणालो, "वर्षाताई, तेवढी चिठ्ठी पाठवून द्या. गाडीच्या कागदांवर सह्या करायला मल्लिकार्जुन येतील, त्यांच्याकडे."

मागून आत्यांचा आवाज आला. "साडी पन पाठव गं! जावईबापूंना म्हनावं, जपून ठिवा. पुढल्या टायमाला मी आले की तुम्ही मला हीच देणार हाव!"