दिलावरमामांचा काळा रंग

ओल्या म्हशीच्या पाठीला फोटो टेकवून, मान तिरकी करून दहा-दहा मिनिटं उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. शिरूरच्या भर पेठेत, सलग दोन महिने. समोरच्या गोठ्यात दूधवाले आप्पा म्हैस धुवायला लागले की दिलावरमामा स्टुडिओतून कागद घेऊन बाहेर यायचे. फोटोतला काळा आणि म्हशीचा काळा जुळतोय का, ते बघायला. जुळायचा नाही. मग मामा म्हशीकडे असे बघायचे, जणू रंगाचा घोटाळा तिनेच केला होता.

तुम्ही सहज म्हणालात की पोरानं काळी पँट घेतली, तर मामा लगेच विचारणार, "काळा म्हंजी कुठला काळा?" तव्याच्या बुडाचा, जांभळाचा, कोळशाचा की म्हशीचा? तव्याच्या काळ्यात तांबूस असतं, जांभळाच्या काळ्यात निळं असतं. कोळसा उन्हात चमकून खोटं बोलतो. खरा काळा एकच, ओल्या म्हशीचा. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की घाईत असलेलं गिऱ्हाईकही थांबून म्हशीकडे बघायचं.

मामांचा खरा धंदा लग्नाचा नव्हता, मयताचा होता. कुणी वारलं की दहाव्याच्या आत मोठा फोटो लागतो. हार घालायला फोटो नाही म्हणजे घरच्यांची मान खाली. मग भाऊबंद धावत येतात. त्यांच्या हातात लग्नातला घोळक्याचा फोटो असतो, नाहीतर कारखान्याच्या गेटपासवरचा नखाएवढा चेहरा. मामा तो चेहरा सोडवून घेत, मोठा करत, आणि फ्रेम करून देत. कोट हवा असेल तर कोट, फेटा हवा असेल तर फेटा. फक्त एक गोष्ट ते करत नसत. जरा गोरं करा, असं कुणी म्हटलं की हात थांबायचे. "जित्यापणी सावळा व्हता, मेल्यावर गोरा कसा झाला? वर गेल्यावर वळखायचं कुणी त्याला?" या एका वाक्यावर मी त्यांना आमच्या ग्राहक संघटनेचं सभासदत्व देणार होतो. पण त्याआधी मला त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहावं लागलं.

झालं असं, की मांडवगण फराट्याचा संपत एक फ्रेम पोत्यात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला. त्याचा आतेभाऊ बाळू शिक्रापूरला कंपनीत होता, ट्रकखाली गेला. दहाव्याला लावलेला त्याचा कृष्णधवल फोटो आता, वर्ष भरायच्या आत, हिरवा पडला होता. थोडाथोडका नाही, चांगला शेवाळासारखा. गालांवर हिरवं, डोळ्यांखाली जांभळट. संपत म्हणाला, "आत्या रोज म्हणती, बाळू आजारी दिसतोय. तिकडं त्याला काय व्हतंय का, म्हणती. धा दिसांवर वर्षश्राद्ध आलंय. हा फोटो पाटावर ठिवायचा कसा?"

फ्रेमच्या मागे मामांच्या स्टुडिओचा शिक्का होता.

माझं डोकं सणकलं. जिवंत माणसाला फसवणं वेगळं आणि मेलेल्याच्या आईला फसवणं वेगळं. मी तिथंच बसून पत्रक लिहिलं. मथळा दिला : 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा छायाचित्रकार'. पण छापण्याआधी समोरच्याची बाजू ऐकायची, असा आमचा नियम होता, आणि तो मीच केलेला असल्यामुळे मोडता येत नव्हता. गेलो स्टुडिओत.

मामांनी चष्मा लावून पत्रक उभ्यानं वाचलं. मथळाही वाचला. मग म्हणाले, "कार्यकर्ते, ह्यात चूक हाय."

मी भांडणाच्या तयारीतच होतो.

"तुम्ही येकच फोटो लिवलाय. तसले चाळीस-पन्नास तरी असत्याल."

मग त्यांनी मला आत नेऊन सगळं सांगितलं. पूर्वी ते अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या ताटल्यांत कागद बुडवून फोटो काढायचे. कागद मिळेनासा झाला, औषधं मिळेनाशी झाली, तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटर आणि शाई उडवणारा प्रिंटर आणला. हा प्रिंटर काळा फोटो नुसत्या काळ्या शाईनं काढत नाही. निळी, लाल, पिवळी अशा तिन्ही शाया मिसळून करडा रंग जमवतो. नवा असताना ते कळत नाही. पण तिन्ही शाया सारख्या उडत नाहीत. एक आधी उडते, मग उरलेल्या दोघी माणसाचा चेहरा वाटून घेतात. शाईच्या खोक्यावर हसणारं कुटुंब छापलेलं होतं. ते किती महिने हसणार, हे कुठंही छापलेलं नव्हतं. मी ते खोकं चारी बाजूंनी वाचलं, तळही वाचला. पत्रक खरं तर त्या खोक्याविरुद्ध काढायला हवं होतं.

"पयला हिरवा फोटो मला केंदूरला दिसला," मामा म्हणाले. "दुसऱ्याच कामाला गेलो व्हतो. भिंतीवर बघितलं आन् चहा तसाच ठिवून उठलो."

तेव्हापासून म्हैस चालू होती. मामांनी तिन्ही रंगांच्या डब्या रिकाम्या करून धुतल्या होत्या. मेडिकलातून इंजेक्शनच्या सुया आणल्या होत्या आणि गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. काळ्या शाईत ते पाणी कमीजास्त घालून त्यांनी तीन करडे रंग केले होते. बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या : चुलीची राख, गवरीची राख, उदबत्तीची राख. तेच रंगांच्या जागी भरायचे. म्हणजे प्रिंटरला वाटतं आपण रंग मिसळतोय, आणि तो राखेत राख मिसळत असतो. पुढे कधी फिका पडला तरी फिकाच होईल, हिरवा होणार नाही. मात्र त्यामुळे एकुलता एक प्रिंटर रंगीत छापायचाच बंद झाला. कंपनीतली पोरं पासपोर्ट फोटोला आली की मामा त्यांना पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवत. एकाला घाईत तसाच फोटो दिला, तर साहेबानं म्हणे त्याला विचारलं, हा तुझ्या आजोबांचा का.

सगळं जमलं होतं, फक्त रंग जमत नव्हता. ट्यूबलाइटखाली बरोबर, उन्हात तांबूस. निळ्याचा एक थेंब घातला, तर दिव्याखाली जांभळा. मामा प्रत्येक फोटो तीन उजेडांत बघायचे. तिसरा उजेड पिवळ्या बल्बचा, कारण गावातल्या घरात तोच असतो. दहा दिवसांतले पाच असेच गेले. हौसाक्काच्या, म्हणजे बाळूच्या आईच्या, पाटावर काय ठेवायचं हे अजून ठरत नव्हतं. मी रोज चकरा मारत होतो, आणि पत्रक खिशात घडी होऊन फाटायला आलं होतं.

सहाव्या दिवशी मामा प्रिंटरमधून निघालेला ताजा कागद घेऊन म्हशीकडे गेले. आप्पा वैतागलेले होते. मामांच्या रोजच्या येण्यानं म्हैस दूध चोरते, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. ते म्हणाले, "मामा, वल्ल्या म्हशीला वला कागद लावून काय बघताय? दुपारी या. वाळल्याव ती बी भुरी दिसती."

मामा कागद हातात धरून तसेच उभे राहिले. मग आत गेले. तो कागद त्यांनी वहीत घालून कपाटावर ठेवला आणि मलाही हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी काढला. शाई पुरती वाळली होती. ऊन, ट्यूब, बल्ब, तिन्हींत एकच रंग. इतके दिवस ते ओली शाई बघून निकाल देत होते आणि चांगली बाटली ओतून टाकत होते. म्हशीला त्या दिवशी स्टुडिओकडून पेंड गेली.

बाळूचा फोटो काढला, रात्रभर वाळवला, काचेत बसवला. मग मामा म्हणाले, आता पत्रक छापा.

मी म्हटलं, आता कशाला?

"बाकीची घरं मला ठावं न्हाईत. दहाव्याच्या घाईत नाव कोण सांगतं? वहीत निस्तं 'मयत' लिवलंय. खाली येवढंच घाला, की हिरवा पडल्याला फोटो आणा, बदलून मिळंल."

मथळा काढतो म्हटलं, तर तोही काढू दिला नाही. "मथळा ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर कोण वाचणार?" आणि आपल्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणणारी पत्रकं हा माणूस एसटी स्टँडवर स्वतःच्या हातानं वाटत बसला. ओळखीचे लोक मथळा वाचायचे, मामांच्या तोंडाकडे बघायचे, पुन्हा मथळा वाचायचे.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी आम्ही मामांच्या एम-एटी गाडीवरून मांडवगणला गेलो. हौसाक्कानं फोटो मांडीवर घेतला. हिरव्यात बुडालेली डाव्या भुवईवरची खोक आता दिसत होती. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "इटीदांडू खेळताना लागलं व्हतं. टाकं घालताना रडला न्हाई." एवढंच. मामांनी खिळा तपासून फोटो टांगला, दोनदा सरळ केला.

चहा आला. अक्कानं सहज विचारलं, "तुमच्या घरात कुणाकुणाचं फोटो लावल्यात, मामा?"

"आमच्यात भिंतीला माणसाचा फोटो लावत न्हाईत, आक्का. आईपासनं तसंच हाय."

"मग मामींचा?"

मामी हयात नाहीत हे मला माहीत होतं, पण तोवर हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

"काढलाय. पेटीत हाय." मामांनी बशी खाली ठेवली. "समोर भिंतीला माणूस असलं म्हंजी बरं असतं, न्हाई? दिवा लावताना दिसतं."

अक्का म्हणाली, "दिसतं की. मी बोलती बी."

"काय बोलता?"

"काय न्हाई. जेवलास का, येवढंच."

मामांनी मान हलवली आणि बाळूकडे बघत बसले. पत्रक वाचून निरोप धाडलेली केंदूरची दोन घरं अजून बाकी होती. पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता, ऊन उतरायला लागलं होतं. मी उठा म्हटलं नाही.